पहिल्या किल्लीला

रंगाचं मला सांगू नका, क्लेल.
एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली
लेमहाय नदीच्या काठाकाठानं,
आणि पिवळा रंग सगळ्याच बसना सारखा असतो.
उणे तीसला, पहाटे पाच वाजता,
पहिल्या किल्लीला कोणती सुरू होते
ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

क्लेल हचिंग्ज हसतो. काउंटरवर तीन रायफली आडव्या.
पहिलीच्या नळीला कार्बनचं वेष्टण, दस्ता निळसर,
चाप इतका हलका की विचार केला तरी सुटेल.
दुसरी पोकळ, पाखराच्या हाडासारखी.
तिसरी वापरलेली. दस्त्यावर कुणीतरी चाकूनं
दोन अक्षरं कोरलीत, आर. डी.,
आणि मग पॉलिशकागदानं ती पुसायला गेलंय.
"तिचं मी काही बोलत नाही," म्हणतो क्लेल.
म्हणजे स्वस्त आहे.

पाच पोलादी थाळ्या. नळी खाली, बझर,
चार हव्या त्या क्रमानं, ठरलेली पाचवी शेवटी.
फेऱ्या पाच, त्यातली सगळ्यात वाईट मोजत नाहीत.
(बाहेर असं कुणी करत नाही.
म्हणून तर साठीनंतर या खेळाला लागले.)

नेम हवाच. पण नेम मी घरून आणते,
चष्मा आणि संधिवात वजा करून उरेल तेवढा.
दुकानातून न्यायचं ते वेगळं.

कारण बावीसच्या गोळीचा
सगळा जीव तिच्या कडेला.
बुडाच्या घडीत ठिणगीचं मिश्रण फिरवून पसरतात,
कुठं केसभर जागा रिती राहते,
पिन नेमकी तिथं पडली, की टक.
नुसतंच टक.
आणि बझरपासूनचा वेळ पुढं धावत राहतो,
थांबा चुकलेल्या बससारखा.

"सगळ्यात हलकी गोळी कोणती? ती द्या.
बादलीतली, मेणचट, शेकड्यानं विकता ती."
क्लेलच्या तोंडावर चिंच खाल्ल्यासारखं.
दुकानामागं शेड आहे, मातीचा बांध आहे.
मी मोजत बसते.

पहिली एकेचाळिसाव्याला अडली.
रिकामं काडतूस दाराशी उभं, धड आत ना बाहेर,
डबा विसरलेलं पोर बसच्या पायरीवर अडतं तसं.
मग छप्पन्नाव्याला. मग साठाव्याला.
"पुसून दिली ना, की बघा कशी..."
पुसल्यावर कोण चालत नाही, क्लेल?

दुसरीचं मॅगझिन नवव्या गोळीशी रोज भांडणार, दिसतंच आहे.

तिसरी खात गेली.
शंभर. दोनशे. माझी बोटं काजळीनं काळी,
खांदा ताठला, शेडमध्ये धूर.
तीनशे, आणि तिनं तोंड वेंगाडलं नाही.
चाप जड आहे, हो, जुन्या बसच्या क्लचइतका.
त्या क्लचशी माझं जमतं.
आर. डी. कोण, माझ्याच बसमधला कुणी का,
ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये स्पर्धा. सेजच्या झुडपांचा कडू वास,
विल्मा ओटेसनच्या हातात टायमर.
तीन फेऱ्या झाल्या, थाळ्या कशा टणटण बोलल्या.
चौथीत चार थाळ्या, पाचवीवर ठिपका टेकला, आणि
टक.

घाबरायला वेळ झाला नाही.
हातानं बोल्ट ओढला, फुसकी गोळी धुळीत,
पुढची आत,
टण्.
दोन सेकंद गेले. विल्मानं आकडा लिहिला,
आणि शेवटी त्याच्यावर रेघ मारली:
सगळ्यात वाईट फेरी तीच होती.

सगळे थाळ्या रंगवायला गेले तेव्हा
वाकून ती गोळी शोधली.
कडेवर पिनेचा ठसा होता,
खोल, स्वच्छ, हवा तिथं.
तिनं तिचं काम केलं होतं.